कलिंगडावरचं पांघरूण

त्या गावात गाड्या उलट्या बाजूने धावायच्या आणि तिची मान जन्मभराच्या सवयीने सुलट्या बाजूला वळायची. सुरुवातीला घोळ तो एवढाच होता. फुटपाथच्या कडेला बाबागाडी घट्ट धरून ती उभी राहायची. आधी उजवीकडे बघायची, मग जीभ चावून डावीकडे, मग जिवाला चैन पडेना म्हणून पुन्हा उजवीकडे.

"अगं, टेबलफॅनसारखी काय फिरतेस?" नवरा हसायचा. "आधी डावीकडे बघ, मग उजवीकडे, आणि सरळ चालायला लाग. पांढऱ्या पट्ट्यांवर पाय ठेवलास की गाड्या थांबतात."

"आणि नाही थांबली एखादी तर?"

"थांबतात गं. नियम आहे इथे."

नियम आहे म्हणून धावती गाडी थांबते, हे तिच्या डोक्याला पटायचं, पोटाला पटायचं नाही. आपल्याकडे रस्ता ओलांडायचा म्हणजे एक हात आडवा धरायचा, देवाचं नाव घ्यायचं आणि गाड्यांच्या मधून घुसत जायचं. इथे ती काठावर उभी राहिली की लांबूनच गाडी थांबायची, आतला माणूस तिच्याकडे बघायचा, ती त्याच्याकडे बघायची, आणि दोघंही एकमेकांची वाट बघत ताटकळायचे. ती हाताने खुणावायची, जा बाबा तू. तो मान हलवायचा, नाही बाई, तुम्हीच. मागे गाड्यांची रांग लागायची. शेवटी ती परत घरी यायची आणि म्हणायची, दूध उद्या आणू.

बाकीच्या चालीरीतीही तिने अशाच धडपडत शिकून घेतल्या. जिन्यात भेटेल त्याला, ओळख असो नसो, दिवस चांगला जावो म्हणायचं. दुकानाचं दार मागच्या माणसासाठी धरून ठेवायचं. पहिल्याच दिवशी तिने दार धरलं आणि माणसं येतच राहिली, सोडावं कधी ते तिला कळेना. आभार मानत सगळी आत गेली, आणि ती दारवानासारखी उन्हात उभी. फळांच्या दुकानात फळाला हात लावायचा नाही, बोट दाखवायचं आणि फळवाला देईल ते घ्यायचं. शनिवार-रविवारी दुपारी भिंतीला खिळा ठोकायचा नाही. ती कॉलेजात पहिल्या वर्गात पास झालेली मुलगी होती. एकदा सांगितलेलं तिला दोनदा सांगावं लागत नसे.

पण सांगणारी मोठी जाऊ होती, आणि ती एकदा सांगून थांबणाऱ्यांतली नव्हती.

मोठी जाऊ त्या गावात कैक वर्षं राहून लोणच्यासारखी मुरलेली. दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. दिवसभर लोकांना बसा, बोलावते, मग तोंड उघडा, असं म्हणून म्हणून घरच्यांनीही तिच्या समोर तोंड मिटूनच बसावं असं तिला वाटायला लागलं होतं. मुलगा शिकायला दुसऱ्या गावी वसतिगृहात गेलेला, त्यामुळे हाताशी वेळ भरपूर. कशावरही तिचं एकच पालुपद, "इथे असं नसतं हं." धाकटी बाळाला खांद्यावर टाकून बाल्कनीत उभी राहिली, "इथे असं नसतं हं." धाकटीने न कळवता डबा नेऊन दिला, "गोड आहेस गं, पण इथे असं नसतं." धाकटी मान डोलवायची. मोठी आहे, आधी आलेली आहे, चार गोष्टी जास्त जाणते. "हो ताई," म्हणायची आणि सोडून द्यायची.

आणि मग ती दुपार आली.

धाकटीची लेक तेव्हा दोन वर्षांची, नुकतीच बालवाडीत घातलेली. घरभर गोल गोल फिरायची, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. त्या दुपारी भिंगरी बाबागाडीत झोपली होती आणि घरात दूध नव्हतं. धाकटीने मनाचा हिय्या केला. सर्कलपासून हाकेच्या अंतरावर पांढरे पट्टे होते, पलीकडे दुकान. तिने आधी डावीकडे पाहिलं. गाडी थांबली. तिने उजवीकडे पाहिलं. रस्ता रिकामा. ती चालायला लागली. निम्मा रस्ता झाला असेल नसेल, सर्कलला वळसा घालून एक मोतिया रंगाची गाडी आली ती आलीच. बाबागाडीचं पुढचं चाक गाडीच्या नाकाला लागलं, बाबागाडी हातात गर्रकन फिरली, आणि भिंगरी दचकून टाहो फोडत उठली.

गाडीतून उतरली मोठी जाऊ.

"डोळे कुठे होते तुझे? अं? पोरीला मारशील एखाद्या दिवशी!"

धाकटीने लेकीला उचलून घेतलं. लेकीला छातीशी धरून तिने तिचे हात, पाय, डोकं, सगळं चाचपून पाहिलं. आणि तोंडातून काय निघालं? लहानपणापासून मोठ्या माणसांसमोर जे निघत आलं तेच निघालं.

"चुकलं ताई. माझंच चुकलं."

एवढंच. पण ते शब्द तिने तिथे पट्ट्यांवर टाकले आणि मोठीने उचलून घरी नेले.

संध्याकाळपर्यंत बातमी समुद्रापार पोचली. व्हिडिओ कॉलवर सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला होता. "अगं, रस्ता बघून ओलांडता येत नाही तुला? माझी नात आहे ती!" मोठे दीर घसा खाकरून म्हणाले, "जाऊ दे आई, नवीन आहे ती." नवरा कॅमेऱ्यातून बाजूला सरकला. मोठी जाऊ मात्र मायेने ओथंबली होती. "मी आहे ना आई. बालवाडी माझ्या वाटेवरच आहे. सकाळी जाताना सोडीन, दुपारी येताना आणीन. हिला जरा रस्त्याची सवय होऊ दे. तोवर पोरीला घेऊन एकटीने बाहेर पडायचं नाही, म्हणजे झालं."

सासूबाई म्हणाल्या, तेच बरं. नवरा म्हणाला, काही दिवस. आणि धाकटी, जिची चूक तिने स्वतःच कबूल केली होती, ती काय बोलणार?

काही दिवसांचे महिने झाले. भिंगरी रोज सकाळी मोतिया गाडीत बसून जायची आणि दुपारी एकेक नवीन वाक्य घेऊन परत यायची. "काकू म्हणते, हाताने जेवायचं नाही." "काकू म्हणते, आईला रस्ता येत नाही." धाकटी ऐकून घ्यायची आणि भाजी जरा जास्तच बारीक चिरायची. एकदा भिंगरी सोफ्यावरून पडली. कपाळाला टेंगूळ आलं. धाकटी धावली, आणि पोरगी तिच्या कुशीत असताना, तिच्याच गळ्यात हात टाकून, रडत हाक मारत होती, "काकूऽऽ!"

त्या दिवशी धाकटीच्या आत काहीतरी गोठलं ते गोठलंच.

घरात वाहतुकीचं पुस्तक होतं. नवरा लायसन्ससाठी वाचत होता, वाचून वाचून त्यावर चहाचे डाग पाडत होता. लेक बालवाडीत, नवरा कामावर, रिकाम्या घरात तिने ते हातात घेतलं. शब्दकोश लावून लावून वाचलं. सिग्नल नसलेल्या पट्ट्यांवर पायी माणसाचा हक्क पहिला. तो नुसता ओलांडण्याच्या बेतात दिसला तरी गाडीने थांबायचं. सर्कलमधून बाहेर पडणाऱ्या गाडीने तर आधी वेग कमी करायचा, मग पट्टे बघायचे. तिने ते पान पुन्हा वाचलं, आणि परत एकदा, भिंगरी आवडती गोष्ट वाचायला लावते तसं.

नवरा घरी आला तेव्हा ती दारातच उभी होती.

"मी पट्ट्यांवर होते. चूक ताईंची होती."

"कसली चूक?"

"त्या दिवशीची. त्यांनी थांबायला हवं होतं. हे बघ, लिहिलंय."

त्याने बूट काढता काढता पान पाहिलं. "हो, नियम तर तसाच आहे. पण तूच म्हणालीस ना तेव्हा, माझंच चुकलं म्हणून?"

"मोठ्या आहेत त्या! मोठ्यांना काय तोंडावर सांगायचं, तुमचं चुकलं म्हणून?"

"मग आता काय करू? एवढ्या महिन्यांनी वहिनीला जाऊन सांगू? घरात तमाशा नको गं. इथे लोक चूक असल्याशिवाय चुकलं म्हणत नाहीत. तू उगाच म्हणालीस."

उगाच. तो शब्द तिने नीट घडी घालून ठेवून दिला.

त्या दिवसापासून तिने मोठीवर डूख धरला. वरवर काही नाही. "या ताई, बसा ताई, चहा घेता ना ताई." पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून सर्कल दिसायचं, पट्टे दिसायचे, आणि पोळ्या लाटता लाटता ती डोळ्यांत तेल घालून बघत असायची. सगळ्या गाड्या थांबायच्या. कचऱ्याचा ट्रक थांबायचा. शाळेची बस थांबायची. पोरगेल्या वयाची, गाणी लावून फिरणारी टाळकीसुद्धा थांबायची. न थांबणारी गाडी एकच. मोतिया गाडी सर्कलला वळसा घालायची, जराशी मंदावायची आणि पट्ट्यांवरून घरंगळत पुढे यायची, जणू पट्टे मोठीच्या माहेराहून आले होते. आत मोठीची मान खाली असायची, मांडीवरच्या फोनकडे. आणि मागच्या सीटवर भिंगरी.

ते दिसलं की धाकटीच्या हातातली पोळी फाटायची. पण सांगायचं कुणाला? जी स्वतः चुकली होती तिने दुसऱ्याची चूक दाखवायची?

मग सासूबाई आल्या. थोरल्याकडे दिवसभर घर बंद असतं म्हणून उतरल्या धाकट्याकडे. पहिल्याच रविवारी सगळे जेवायला जमले आणि वरणभातावर तूप पडतं न पडतं तोच मोठीने तो किस्सा काढला. आता त्याचा किस्सा झाला होता.

"आई, तुम्ही बघायला हवं होतं. मी ब्रेक मारला म्हणून वाचली! आणि ही काय म्हणते," मोठीने मान वाकडी केली, डोळे बारीक केले, आवाज रडका केला, "चुकलं ताऽई, माझंच चुकलंऽ!"

दीर हसले. नवरा हसला, मग तिच्याकडे बघून हसायचं थांबला. भिंगरीला वाटलं खेळ आहे, तीही ओरडली, "चुकलं ताऽई!"

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी भात कालवला आणि धाकटीकडे एकदा पाहिलं.

धाकटीने सगळ्यांना ताक वाढलं. ताक वाढता वाढता तिने ठरवलं, की हेच वाक्य, ह्याच शब्दांत, ह्याच बाईच्या तोंडून, ह्याच सासूबाईंच्या देखत ऐकायचं. त्याशिवाय ह्या घरात आपल्याला ताठ मानेने पाणी पिता येणार नाही, आणि लेक आपली राहणार नाही. कसं ऐकायचं ते तिला ठाऊक नव्हतं. पण वाट बघायला ती शिकली होती. ह्या गावाने तिला पहिली गोष्ट तीच तर शिकवली होती.

ते जमून आलं एका बिनकामाच्या दुपारी. बालवाडीला सुट्टी होती. सासूबाई म्हणाल्या, "मला जरा पाय मोकळे करायचेत. चल पोरीला घेऊन. आता तू काही एकटी नाहीस." त्या 'एकटी'वर त्यांनी किंचित जोर दिला की काय, धाकटीला नीट कळलं नाही.

फळांच्या दुकानात सासूबाई कलिंगडांपाशी अडल्या. धाकटी "आई, इथे हात लावत नाहीत," म्हणेपर्यंत त्यांनी एक कलिंगड उचलून कानाशी धरलं होतं आणि टिचक्या मारून ऐकत होत्या. फळवाला तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"हे कच्चंय. ते दे. नाही, ते मागचं."

"आई, तो बघतोय."

"बघू दे. शिकेल तरी."

निवडलेलं कलिंगड चांगलं बाळसेदार होतं. भिंगरी हल्ली बाबागाडीत बसायचीच नाही, "मी चालणार" हा एकच धोशा. तेव्हा कलिंगडच बाबागाडीत बसलं. तिघी पट्ट्यांपाशी आल्या आणि सासूबाईंचा फोन वाजला.

"हं, बोल गं. दवाखाना सुटला का? ... आम्ही जरा बाहेर आलोय. ... तू कुठे आहेस? ... आलीसच? सर्कलला?"

मोठी रोज गाडी चालवता चालवता सासूबाईंना फोन करायची. धाकटीने मान वळवली. सर्कलच्या पलीकडे मोतिया रंग चमकला.

आता पुढे जे झालं ते तिने मुद्दाम केलं का? ती फक्त रस्ता ओलांडत होती, पट्ट्यांवरून, नियमाप्रमाणे. पण त्याआधी तिने वाकून भिंगरीचं फिकट निळं, ससे असलेलं पांघरूण कलिंगडावर नीट ओढलं. कडा आत खोचल्या. भिंगरीची टोपी दांडीला अडकवली होती, ती काढून वर ठेवली.

"आई, तुम्ही निवांत बोला. हिचं बोट धरून इथेच थांबा. मी सामान पलीकडे ठेवते आणि तुम्हाला दोघींना न्यायला येते."

सासूबाईंनी फोन कानाशी धरून मान हलवली.

धाकटी काठावर उभी राहिली. पुस्तकात म्हटलं होतं तसं तिने चालकाच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला. डोळे नव्हतेच. मान खाली होती. गाडी मंदावली, घरंगळली, रोजच्यासारखी. ह्या गाडीचा वेग धाकटीला आपल्या लाटण्याच्या वेगाइतका पाठ होता. तिने स्वतःचे पाय फुटपाथवरच ठेवले, हात लांब केले, आणि बाबागाडी पट्ट्यांवर ढकलली.

थांबायला हवं होतं मोठीने. नियम होता.

ठोकर फार मोठी नव्हती. बाबागाडी कलंडली, धाकटीच्या हातून दांडी सुटली, पांघरुणासकट ते गाठोडं डांबरावर आदळलं आणि काहीतरी फुटल्याचा ओला, दबका आवाज झाला. टोपी घरंगळत गाडीखाली गेली. पांढऱ्या पट्ट्यावर, पांघरुणाच्या कडेखालून, लाल पाणी हळूहळू पसरायला लागलं.

मोतिया गाडी थांबली. दार उघडलं. मोठी बाहेर आली, तिला पांघरूण दिसलं, ससे दिसले, लाल दिसलं, आणि ती जी किंचाळली ते रस्त्यावरून एकदा आणि सासूबाईंच्या कानातल्या फोनमधून एकदा, असं दोनदा ऐकू आलं.

"अगं आई गंऽ! मी बघितलंच नाही! मी बघितलंच नाही गं!" ती पट्ट्यांवर गुडघ्यांवर बसली. हात पांघरुणाकडे जात होते आणि भाजल्यासारखे मागे येत होते. "फोनवर होते मी... चुकलं... माझंच चुकलं गं... माझंच चुकलं..."

धाकटी शेजारी उभी होती. एक वाक्य पुरे झालं असतं, ताई, कलिंगड आहे ते. ते वाक्य तिच्या जिभेच्या टोकावर होतं आणि तिने ते तिथेच धरून ठेवलं. मोठीचं काजळ ओघळत होतं, दवाखान्याचं बिल्ला लावलेलं जाकीट लाल पाण्यात भिजत होतं, आणि धाकटीला आठवत होता वरणभात, वाकडी मान, रडका आवाज. रड, ती मनात म्हणत होती. मीही त्या दिवशी पोरीला अशीच चाचपत होते. रड अजून.

तेवढ्यात फुटपाथवरून भिंगरीचा खणखणीत आवाज आला.

"आईऽऽ! कलिंगडाला बाऊ झाला!"

तिने आई म्हटलं होतं. काकू समोर असताना.

मोठीने मान वळवली. आजीचं बोट धरून उभी असलेली, हातापायाने धडधाकट भिंगरी तिला दिसली. मग तिने पांघरुणाचं टोक उचललं. आत हिरवी साल, लालबुंद गर, काळ्या बिया. ती बराच वेळ त्या बियांकडे बघत राहिली. आणि मग वर, धाकटीकडे. त्या नजरेत आधी सुटका होती, मग काहीतरी समजायला लागलं.

मागे गाड्या थांबल्या होत्या. हॉर्न कुणी वाजवला नाही, तिथे वाजवत नाहीत. हेल्मेट घातलेला एक सायकलवाला पुढे आला आणि धाकटीला तिथल्या भाषेत म्हणाला, "मी पाहिलं सगळं. तुम्ही पट्ट्यांवर होता. बाई फोनवर होत्या. पोलिसांना बोलवू?"

धाकटीला आता ती भाषा चांगली समजत होती. मोठीलाही समजत होती, कैक वर्षं समजत होती. तिचा चेहरा खडूसारखा झाला.

"काय सांगू ह्यांना ताई?" धाकटीने अगदी मऊ आवाजात विचारलं. "तुम्ही जुन्या इथल्या. इथे काय म्हणतात अशा वेळी?"

"सांग... सांग माझी चूक होती. घरचीच माणसं आहोत म्हणावं. नको बोलवू."

"आणि त्या दिवशीची?"

"कुठल्या दिवशीची?"

"त्या दिवशीची, ताई. हेच पट्टे होते."

सासूबाई भिंगरीला घेऊन जवळ आल्या होत्या. फोन अजून कानाशीच होता, बंद करायचं भान राहिलं नव्हतं. मोठीने त्यांच्याकडे पाहिलं, सायकलवाल्याकडे पाहिलं, आणि खाली लाल पाण्याकडे बघत म्हणाली,

"ती पण. ती पण माझीच होती."

धाकटीने सायकलवाल्याचे आभार मानले, पोलिसांची गरज नाही म्हणाली, आणि फुटक्या कलिंगडाचे तुकडे एकेक करून उचलले. मोठी मदतीला वाकली तेव्हा म्हणाली, "राहू दे ताई. तुमचे कपडे खराब होतील."

घरी येऊन ती मोरीत उभी राहिली आणि तिने नळ सोडला. पांघरुणावर पाणी पडत होतं आणि सशांच्या पोटावरून गुलाबी ओघळ वाहत होते. त्या पांघरुणात काल रात्री लेक झोपली होती. तिने ते चटकन पालथं केलं आणि साबण घासायला लागली, जोरजोरात.

सासूबाई दारात येऊन टेकल्या.

"निघत नाही का डाग?"

"नाही आई."

"हं." त्यांनी पांघरुणाकडे पाहिलं. "एक विचारू? कलिंगडाला कधीपासून थंडी वाजायला लागली गं?"

धाकटीचा घासणारा हात थांबला. "ऊन होतं, आई. तापू नये म्हणून झाकलं."

"आणि टोपी?"

सासूबाईंनी पुढे होऊन नळ बंद केला, पांघरुणाचं दुसरं टोक हातात घेतलं. दोघींनी मिळून ते पिळलं, एकीने इकडून, एकीने तिकडून.

"त्या दिवशी मी तुला बोलले," सासूबाई म्हणाल्या. "न विचारता बोलले. उद्यापासून भिंगरीला तूच सोड, तूच आण. मी सांगते दोघा भावांना." पांघरूण झटकून त्यांनी उजेडात धरलं. "डाग राहू दे हा. असलेला बरा."

"कशाला, आई?"

"लक्षात राहायला. तिच्याही, आणि तुझ्याही."

दुसऱ्या दिवशीपासून धाकटी लेकीला घेऊन पायी जाते. आधी डावीकडे बघते, मग उजवीकडे, आणि मग पुन्हा एकदा डावीकडे, कारण गाडीत बसलेल्या माणसाच्या मनात काय असतं ते कुणी सांगावं, आणि रस्त्यावर उभ्या असलेल्याच्या मनात काय असतं तेही. मोठी जाऊ आता रविवारी जेवायला येते तेव्हा किस्से सांगत नाही. "इथे असं नसतं" म्हणायला तोंड उघडते आणि पाण्याचा घोट घेते. दीर विचारतात, हिला झालंय काय? सासूबाई म्हणतात, ताक घे.

आणि दुपारी, मायलेकी बालवाडीतून परत येत असतात तेव्हा, मोतिया गाडी सर्कलला वळसा घालून येते ती पट्ट्यांच्या कितीतरी आधी थांबते. कुणी नसलं तरी थांबते. धाकटी असली तर थांबून राहतेच. तिथल्या रीतीप्रमाणे धाकटी काचेआडच्या मोठीला हात उंचावून आभार मानते, हसते, आणि लेकीचं बोट धरून पट्ट्यांवर पाय ठेवते. मागे गाड्यांची रांग लागते, सगळ्यांना घाई असते, पण नेमका रस्त्याच्या मधोमध भिंगरीच्या बुटाचा बंद सुटतो. रोज सुटतो. धाकटी खाली बसते, शांतपणे बूट ठीक करते, वर बघते, पुन्हा एकदा खाली बघून दुसराही बूट तपासते, आणि मगच उठते.

भिंगरीच्या बुटांना बंद नाहीत. चिकटपट्टी आहे.